जहाजाचा कठडा आणि सागवान

शिडाच्या जहाजाचें वर्णन करतांना इतिहासकार डोलकाठी, सुकाणू व तोफा यांची नांवें अगत्यानें घेतात. परंतु ज्याला धरून खलाशी वादळांत उभा राहतो त्या कठड्याविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. वास्तविक लाकडाची खरी परीक्षा येथेंच होते. पाण्याखालची फळी सदैव ओली असते, आंतील तुळई बहुधा कोरडी असते. कठडा मात्र सकाळीं खाऱ्या तुषारांनीं भिजतो आणि दुपारीं उन्हानें तापतो. या भिजण्या-सुकण्यानें लाकूड फुगतें, आकसतें, शेवटीं चिरतें. चिरेंत पाणी मुरतें आणि खिळ्याच्या भोंकापासून कुजण्यास आरंभ होतो. शिवाय कठडा माणसाच्या हाताखालीं असतो. त्याचीं कुसळें निघतां कामा नयेत, व अंगाचा सारा भार पडला तरी तो मोडतां कामा नये. असा कठडा कुजून नवा बसवावयाचा झाला म्हणजे लाकूड कोणतें घ्यावें, हा प्रश्न दिसण्यांत सुताराचा आहे. पण त्याच्या उत्तरांत दूरदूरच्या अरण्यांचा इतिहास सांठलेला आहे.

इंग्लंडचें आरमार ओकच्या लाकडावर उभें होतें. ओक कठीण व चिवट खरा. परंतु त्यांतील आम्ल लोखंडाच्या खिळ्यास गंज चढवितें, आणि त्याचा काळा डाग लाकडांत पसरतो. सागवानाची गोष्ट निराळी. त्याच्या गाभ्यांत नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें पाणी लवकर मुरत नाहीं, बुरशी व वाळवी फारशी लागत नाहीं, आणि लोखंड ओकमधल्याइतकें खराब होत नाहीं. तें फुगतें-आकसतेंही थोडें. रोगण न लावतां उघडें ठेविलें तरी रुपेरी करडें होऊन तें वर्षानुवर्षें टिकतें. सुतारास त्याचा जाच एवढाच कीं, त्यांतील वाळूसारख्या सूक्ष्म कणांनीं रंध्याची धार लवकर बोथट होते, आणि तेलामुळें सरस नीट धरीत नाहीं.

हे गुण पश्चिम किनाऱ्यावरील कारागिरांस फार पूर्वींपासून ठाऊक होते. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्यें मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यानें येथील गोदीचा लौकिक वाढविला. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत इंग्लंडला ओकची टंचाई भासूं लागली, तेव्हां आरमारानें मुंबईकडे दृष्टि वळविली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधलेलें ७४ तोफांचें 'मिंडेन' १८१० मध्यें पाण्यांत उतरलें. १८१३ मधील 'कॉर्नवॉलिस'वर पुढें १८४२ मध्यें चीनशीं नानकिंगचा तह झाला. १८१७ मध्यें मुंबईसच तयार झालेलें 'ट्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे. दोनशें वर्षांची ही साक्ष सागवानाच्या बाजूनें पुरेशी आहे.

परंतु हें यश ज्या अरण्यांनीं पुरविलें त्यांची हकीकत तितकी अभिमानाची नाहीं. मुंबईच्या गोदीचा साग मुख्यतः मलबारचा. तो अखंड मिळावा म्हणून कंपनीनें १८०६ मध्यें कॅप्टन वॉटसन यांस तेथें जंगलांचे संरक्षक नेमलें. संरक्षण हें नांव. व्यवहारांत ती सागाची मक्तेदारी होती. व्यापारी व रयत यांच्या तक्रारी वाढून १८२३ मध्यें ती जागा रद्द झाली. पण तोड थांबली नाहीं. अखेर १८४० नंतर कलेक्टर कॉनोली यांच्या प्रेरणेनें व चातू मेनन यांच्या परिश्रमानें निलांबूर येथें साग लावण्यास प्रारंभ झाला. तोंपर्यंत व्यापाऱ्यांची नजर ब्रह्मदेशाकडे गेलेली होती. तेथेंही तोच प्रकार घडला. २०१४ मध्यें त्या देशानें ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका व युरोपीय संघ यांनीं तेथील सरकारी लाकूड-व्यापारावर निर्बंध घातले.

यांच्याशेजारीं रामचंद्रपंत अमात्यांचें 'आज्ञापत्र' ठेवून पाहण्यासारखें आहे. सुमारें १७१५ च्या या ग्रंथांत आरमारासाठीं सागवानासारखीं झाडें हुजूरच्या परवानगीनें तोडावीं, अधिक लागल्यास परमुलखांतून विकत आणावीं, असें सांगितलें आहे. आंबा-फणसासही मात्र हात लावूं नये. कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयत तीं लेंकरांसारखीं वाढविते. निरुपायच झाला तर जीर्ण झालेलें झाड धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. लाकूड कसें आहे याबरोबरच तें कोणाचें आहे व कोणत्या किंमतीनें आलें, हा प्रश्न येथें राजनीतीचा भाग झालेला आहे. कंपनीच्या कारभारांत नेमका हाच प्रश्न मागें पडला.

कोणी म्हणेल कीं, एका कठड्यास लाकूड तें किती लागणार? आमच्या मतें थोडें लागतें म्हणूनच निवड नीट करतां येते. लागवडीचा कोवळा साग स्वस्त मिळतो, पण त्यांत पांढरें बाह्य लाकूड अधिक व तेल कमी; तो घेतल्यास गाभ्याचा व सरळ रेषांचाच पारखून घ्यावा. अमेरिकेंतील पांढरा ओक चालतो, कारण त्याच्या नलिका बुजलेल्या असतात. तांबडा ओक चालत नाहीं, त्याच्या तुकड्याचें एक टोंक पाण्यांत धरून दुसऱ्या टोंकानें फुंकर घातली तर बुडबुडे निघतात. अमेरिकेच्या अरण्यांतील रुंदपानी महोगनी उत्तम, पण २००३ पासून तिचा परदेश-व्यापार परवान्याच्या बंधनांत आहे. सर्वांत निर्दोष मार्ग जुन्या सागवानाचा. मोडलेल्या जहाजांतून व उतरविलेल्या वाड्यांतून निघणारी तुळई जुन्या अरण्याची, घट्ट रेषांची असते, आणि तिच्यासाठीं नवें झाड पडत नाहीं. खिळे काढून, कुजका भाग टाकून उरलेल्या लाकडांत कठडा सहज निघतो. ज्यांनीं पूर्वीं साग तोडला त्यांचें ऋण आम्हांस फेडतां येणार नाहीं. निदान तें वाढविणें तरी आमच्या हातीं आहे वा नाहीं, याचा निर्णय अशा लहान कामांतच होतो.