सबुरी आणि अमानत

मराठींत रुळलेला ‘सबुरी’ हा शब्द अरबी ‘सब्र’पासून आला, मात्र प्रवासांत त्याची धार बोथट झाली. ‘जरा सबुरीनें घ्या’ म्हणणाऱ्याला केवळ घाई नको असते. कुराणांतील अयूब पैगंबराचें सब्र याहून खडतर होतें. व्याधीनें गांजलेला अयूब मुकाट राहिला नाहीं. त्यानें ईश्वरापाशीं गाऱ्हाणें मांडलें, आणि तरीहि त्याच्या सोशिकपणाचा गौरवच झाला.

मूत्रपिंडें निकामी झालेल्या मुसलमान रुग्णाला या कथेचा आधार वाटावा, यांत नवल नाहीं. त्याचें दुखणें सरणारें नसतें. बहुधा आठवड्यांतून तीन वेळां, दर खेपेस सुमारें चार तास, रक्त यंत्रांतून शुद्ध करून घ्यावें लागतें. पाणीहि मोजूनच प्यावयाचें. रमजानांत घरचीं माणसें रोजे धरीत असतां आपण मात्र औषधें घेत बसावें, ही टोचणी वेगळीच. वास्तविक कुराणानेंच आजाऱ्याला सूट दिली आहे. ज्याला बरें होण्याची आशा नाहीं, त्यानें प्रत्येक रोज्यामागें एका गरिबाला जेवूं घालावें, असें धर्मशास्त्री सांगतात. म्हणजे अंथरुणावरचा माणूसहि देणाराच राहतो.

‘अमानत’ हा दुसरा शब्दहि मराठीनें आपलासा केला आहे. शरीर ही ईश्वरानें सोंपविलेली अमानत, ही मुसलमानांची श्रद्धा. मग मूत्रपिंड दुसऱ्यास देतां येईल काय? भारतीय उपखंडांतील कित्येक उलेमांनीं याला विरोध केला. उलट १९८२ सालीं सौदी अरेबियांतील ज्येष्ठ उलेमांच्या मंडळानें इंद्रियदान वैध ठरविलें. विरोधकांची भिस्त शरीराच्या पावित्र्यावर होती.

या वादाला कराचींत एका वृद्धानें आपल्यापुरतें उत्तर दिलें. काठेवाडांतील बांटवा गांवीं जन्मलेले अब्दुल सत्तार ईधी १९४७ सालीं फाळणीनंतर तेथें गेले, आणि अनाथांसाठीं व बेवारस प्रेतांसाठीं आयुष्यभर झटले. २०१३ सालीं त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचें निदान झालें. प्रकृति क्षीण असल्यामुळें प्रत्यारोपण शक्य नव्हतें, डॉ. अदीब रिझवी यांनीं उभारलेल्या, गरिबांवर मोफत उपचार करणाऱ्या सरकारी रुग्णालयांत त्यांचें डायलिसिस चाले. २०१६ सालीं परदेशीं उपचार करविण्याची तयारी दाखविली गेली. त्यांनीं ती नाकारली. आपल्याच देशांतील सरकारी रुग्णालय त्यांना पुरेसें वाटलें.

ईदनंतर दोनच दिवसांनीं, ८ जुलै २०१६ रोजीं, ते वारले. आपलीं इंद्रियें दान करावींत, अशी त्यांची इच्छा होती. व्याधीनें शरीरांत देण्याजोगे डोळेच तेवढे शिल्लक ठेवले होते; ते दोघां अंधांना देण्यांत आले.