केहिल्स क्रॉसिंगला भरती येते तेव्हा

आधी 1971 सालात उतरा. ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक, ईस्ट ॲलिगेटर नदीचा काठ, ऑगस्टमधली कोरडी रात्र. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आलेल्या इंग्रज दर्यावर्द्याने मगरींना ॲलिगेटर समजून नदीला हे नाव दिलं. तुम्ही खडकावर उभे आहात, हातात मोठी बॅटरी आहे. पाण्यावर झोत फिरवा. मगर असेल तर तिच्या डोळ्यांवरून उजेड परत फिरतो आणि काळोखात तांबडे निखारे दिसतात. तुम्ही या काठापासून त्या काठापर्यंत झोत नेता, परत आणता, पुन्हा नेता. मोठं असं काही दिसत नाही. पाणी काळं, सपाट. वाटतं, चपला काढून पाय बुडवून बसावं.

त्या मोहाची किंमत काय पडली आहे ते पाहायचं तर पंधरा-सोळा वर्षं आणखी मागे या.

इथे होडी आहे, होडीत दोघं-तिघं आहेत आणि महायुद्धानंतर स्वस्तात सुटलेली .303 रायफल आहे. निखारे दिसताहेत, पुष्कळ. दोन निखाऱ्यांमधलं अंतर पाहून जनावर केवढं ते नेम धरणारा ओळखतो. मोटर बंद करून होडी जवळ सरकते. उजेडात दिपलेली मगर हलत नाही. बार होतो आणि लगेच भाला मारावा लागतो, कारण मेलेली मगर बुडते आणि गढूळ पाण्यात ती पुन्हा सापडायची नाही. पहाटे काठावर सोलणं चालतं. पाठीचं कातडं हाडांच्या खवल्यांनी भरलेलं, ते टाकून द्यायचं. पोटाचं मऊ कातडं तेवढं काढायचं, मीठ चोळायचं, गुंडाळी करायची. त्यातून युरोपातल्या बायकांच्या पर्स होतात, पुरुषांचे पट्टे होतात. उरलेला चार-पाच मीटरचा देह तिथेच पडून राहतो. त्यावर घारी उतरतात.

युद्ध संपल्यापासून पाव शतक हे चाललं. नॉर्दर्न टेरिटरीने 1971 मध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरीची शिकार बंद केली, तेव्हा एवढ्या अफाट मुलखात त्या सुमारे 3,000 उरल्या होत्या. तुम्ही मघाशी पाहिलेली शांत नदी ती हीच. सोलून काढलेली.

आता लांबचा पल्ला घ्या, 20,000 वर्षं मागे. समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटर खाली आहे, किनारा कित्येक दिवसांच्या चालीवर, आणि उत्तरेला न्यू गिनीपर्यंत कोरड्या पायांनी जाता येतं. नदी आहे, पण तिला भरती ठाऊक नाही. माणसं मात्र आहेत. याच परिसरातल्या मजेडबेबे नावाच्या शैलाश्रयात माणसाच्या वस्तीचा 65,000 वर्षांपर्यंत मागे जाणारा पुरावा मिळाला आहे. केहिल्स क्रॉसिंगपासून, म्हणजे नदी ओलांडायच्या या उतारापासून, जवळच उबिरचे खडक आहेत, तिथल्या एका भिंतीवर उंच जागी थायलासिन रंगवलेला आहे, पट्टेरी पाठीचा पिशवीधारी शिकारी. तो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून सुमारे 3,000 वर्षांपूर्वी नाहीसा झाला.

मग हिमयुग ओसरतं, समुद्र वर येऊ लागतो. आठ-सहा हजार वर्षांपूर्वी खारं पाणी या खोऱ्यात शिरतं आणि कांदळवनं उभी राहतात. उबिरच्या भिंतींवर मासे दिसू लागतात, आतली हाडं आणि अवयवसुद्धा दाखवून काढलेले. त्यात बॅरामुंडी आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात पाहुण्यासाठी तळ्यात राखून ठेवतात तो जिताडा आणि हा मासा एकाच जातीचे. आपल्या खाड्यांत भरतीबरोबर चढणारी बोय असते, तिचे भाईबंद इथेही आहेत. माशांमागोमाग मगर आलीच. इथले बिनिंज लोक तिला गिंगा म्हणतात. गिंगा आधी माणूस होता, शेकोटीजवळ झोपला असताना त्याची पाठ भाजली, तो पाण्यात झेपावला आणि पाठीवरचे फोड तसेच राहिले, अशी त्यांची कथा आहे. या लोकांनी मगरी मारल्या, खाल्ल्या, अंडी काढली, आणि हजारो वर्षांनंतरही नदी भरलेलीच होती. ती रिकामी व्हायला पाव शतक पुरलं, हे मला विसरता येत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅडी केहिल नावाचा म्हशींचा शिकारी पलीकडे ओएनपेलीला येऊन राहिला. आशियातून आणून सोडलेल्या पाणम्हशी इथे मोकाट वाढल्या होत्या, त्यांच्या कातड्यांचा हा धंदा. त्याचं नाव उताराला चिकटलं. ओएनपेलीला आता गुनबलान्या म्हणतात.

आणि आता आजच्या काळात या. काकाडू 1979 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. नदीच्या या अंगाला उद्यान, त्या अंगाला आर्नहेम लँड, तिथे शिरायला परवाना लागतो. मध्ये पाण्याच्या पातळीलगत टाकलेला काँक्रीटचा रस्ता, कडेला खोली दाखवणारी पट्टी. पौर्णिमेच्या आसपासचं उधाण आहे. भरतीची वेळ आधी पाहून ठेवली असेल तरच इथे येण्यात अर्थ.

नदी आधी थबकते. पाण्यावरचं पान जागच्या जागी फिरतं. मग पान वरच्या अंगाला जाऊ लागतं; नदी उलटी वाहू लागली आहे. पाणी काँक्रीटवर चढतं, त्याबरोबर मासे वर येतात, आणि उथळ पाण्यात त्यांना खाली सूर मारायला जागा उरत नाही. मगरी आधीच येऊन थांबल्या आहेत. तुम्ही मोजायला लागता आणि सोडून देता, कारण प्रत्येक वेळी आकडा वाढतो. एरवी मोठा नर दुसऱ्याला आपल्या हद्दीत फिरकू देत नाही. इथे हातभर अंतरावर दुसरा असतो आणि दोघंही खपवून घेतात, कारण मासा मुबलक आहे.

जवळचीकडे नीट बघा. जबड्याच्या कडेने बारीक काळे ठिपके आहेत, त्यांना पाण्यातली थरथर कळते, त्यामुळे गढूळपणाची तिला फिकीर नाही. प्रवाहात ती तोंड उघडून थांबली आहे. घशाशी असलेला पडदा मिटलेला, म्हणून पाणी आत जात नाही. बोय उडी मारते. डोकं आडवं फिरतं आणि जबडे मिटल्याचा पोकळ ठोका काठापर्यंत ऐकू येतो. लगेच दुसरीकडे ठोका, मग पलीकडे. मधूनच एखादी मान वर करते आणि तिच्या दातांत जिताडा आडवा झळकतो, दोन झटक्यांत उभा होतो, गिळला जातो.

नॉर्दर्न टेरिटरीत आज सुमारे लाखभर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. बंदुका थांबल्या, नद्या आणि पाणथळी शाबूत होत्या, एवढ्यावर हे झालं. पुढे घरट्यांतली अंडी परवान्याने गोळा करू दिली आणि त्याचे पैसे जमीनमालकांना मिळू लागले. एरवी त्यातली बरीच अंडी पुरात बुडून वाया जातात. मगर असलेली पाणथळ राखण्यात लोकांचा फायदा दिसू लागला. मला हा व्यवहार पटतो. नदीकाठी राहणाऱ्याने धोका फुकट का सोसावा?

धोका खराच आहे. 1987 मध्ये याच उतारावर मासे धरायला आलेला एक माणूस मगरीने मारला. 2017 च्या जानेवारीत चालत पलीकडे जाऊ पाहणारा दुसरा गेला. पाण्याच्या कडेपासून निदान 5 मीटर लांब राहा, असं इथे बजावून सांगतात. भरतीच्या वेळी ही कड तुमच्याकडे चालत येत असते. मघाशी कोरडा असलेला खडक आता ओला आहे. मागे सरा. अजून थोडं. वरच्या चढावर गुनबलान्याला निघालेली एक गाडी उभी आहे, इंजिन बंद करून. चालवणारी बाई पट्टीवरचा आकडा पाहते, सीट मागे टाकते आणि शेजारच्या पोराला सांगते, "ओहोटी लागल्यावर जाऊ." पोरगं काचेला नाक लावून मगरी मोजतंय.