अष्टग्रही आली आणि गेली



आपल्या सिंदेवाहीकडचा धान पिकवणारा शेतकरी आभाळ पाहूनच शेती करतो. मृग लागला की पऱ्हे टाकायचे, बांधीत पाणी साचले की रोवणी धरायची. आपण वारकरीही पंचांग पाहिल्याशिवाय एकादशी धरत नाही. ग्रहनक्षत्रांशी आपले वैर नाही. पण त्याच पंचांगातून कोणी प्रलयाची तारीख काढून दाखवली, तर काय करावे?

घरातल्या वडीलधाऱ्यांना १९६२ ची अष्टग्रही विचारा. ३ ते ५ फेब्रुवारीला रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत जमले. जग बुडणार, अशी हूल देशभर उठली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, जप झाले. ते तीन दिवस गेले. १९ ते २५ फेब्रुवारी या आठवड्यात देशाने लोकसभेसाठी मतदान केले. तेव्हाच्या आपल्या चांदा जिल्ह्यानेही केले.

हा योग तरी काय होता? सूर्य दरवर्षी महिनाभर मकरेत असतो. बुध-शुक्र त्याच्यापासून फार दूर जात नाहीत. चंद्र दर महिन्याला तिथून जातो. गुरू सुमारे बारा वर्षांनी राशिचक्र पुरे करतो, शनी साडेएकोणतीस वर्षांनी; म्हणून वीसेक वर्षांनी त्यांची गाठ पडतेच. फिरणारे एकत्र येतात आणि पांगतात.

ही भीती आपल्याच देशाची नाही. जर्मनीतील ज्योतिषी श्टोफ्लर याच्या १४९९ च्या पंचांगात फेब्रुवारी १५२४ मधील मीन राशीतला ग्रहमेळा नोंदलेला होता. त्यावरून युरोपात जलप्रलयाची आवई उठली. महिना सरला, प्रलय आला नाही.

दुसरीकडे कोणी सत्ययुग दाराशी आल्याचे सांगतो. पुराणांच्या गणिताने कलियुग ४,३२,००० वर्षांचे. त्यातली पाच हजारांवरच सरली आहेत! वाट पाहत बसणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

खरा प्रलय आला तो १६३०-३२ च्या दुष्काळात. अन्न अन्न करीत माणसे मेली. तुकोबारायांच्या घरातही मृत्यू शिरला. थोरली पत्नी गेली. परंपरा सांगते, तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. देणेकरी मोकळे झाले. त्यांनी प्रलयाचा मुहूर्त काढला नाही, सत्ययुगाचाही नाही. भोवतालच्या माणसाच्या मानेवरचे ओझे तेवढे उतरवले. कर्ज म्हणजे काय, हे धान पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून माउली, पुढची तारीख कोणी सांगेल तेव्हा शांतीसाठी मागितलेले पैसे गाठीला राहू द्या. शेजारच्या घरी चूल पेटली का, ते पाहून या. आणि एकादशी चुकवू नका.