मापहारी ते मीटर : मराठवाड्यांतील ग्राहकाचें एक जुनें गाऱ्हाणें

मापांचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील लेखक बहुधा कोष्टक देतात आणि पुढें जातात. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, इतकें सांगितलें कीं विषय संपला असें मानण्याची रीत पडली आहे. परंतु माप हें नेहमीं दोघांच्या मध्यें असतें. एक मोजून देतो, दुसरा मोजून घेतो, आणि सरकार त्या दोघांवर देखरेख करतें. यांपैकीं देणाऱ्याची वही मागें उरते, सरकारचें दप्तर उरतें. घेणाऱ्याचें मत मात्र सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. त्या मताचा माग मापांवरून, नाण्यांवरून व कायद्यांवरून कितपत लागतो, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें पिंगळी गांव परभणी व पूर्णा यांच्या दरम्यान लोहमार्गावर आहे. पिंगळेश्वराच्या देवळापाशीं जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या उतरून ज्यानें घागर भरली त्यास कोणी माप विचारीत नसे; अर्थात् ज्यांस उतरूं दिलें जाई त्यांचीच ही गोष्ट. पाणी सोडलें तर संसारांतील बाकी बहुतेक वस्तु मापानें येत. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. बारा वर्षांत राज्यकारभार तीनदां बदलला, आणि त्याच सुमारास हाली रुपया गेला, आणा गेला, शेरही गेला. त्या वेळीं अडाणी लोकांस नवें माप कळलें नाहीं म्हणून त्यांनीं कुरकूर केली, असें सर्रास म्हटलें जातें. आम्हांस हें मत मान्य नाहीं. लोकांची तक्रार मापाच्या नवेपणाविषयीं नव्हती; तें आपणांस पडताळतां येतें कीं नाहीं, याविषयीं होती. आणि ही तक्रार फार जुनी आहे.

किती जुनी, हें पाहण्यास जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवजवळील पाटण येथें जावें लागतें. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. लीलावतीकार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा राजज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचें अध्यापन चालावें म्हणून त्यानें मठ स्थापिला व निकुंभवंशीय सोइदेवानें शके ११२८ मध्यें त्यास दान दिलें. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. परंतु जेथें बाजाराचा व्यवहार आला तेथें भाषा एकदम मराठी होते. याचें कारण उघड आहे. राजाची स्तुति कोणास कळली नाहीं तरी चालतें, पट्टी कोणीं किती द्यावयाची तें मात्र सर्वांस कळलें पाहिजे.

या मराठी भागांत ‘ग्राहक’ हा शब्द एकदां नव्हे, वारंवार येतो. पाटणच्या पेठेंत जो माल विकावयास येईल त्यावर राजाचें जें उत्पन्न ग्राहकाकडून येत असे तें मठास दिलें आहे. दामाचा विसावा भाग ग्राहकाकडून, पोफळी ग्राहकाकडून, आणि जितके घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळीपळी तेल, अशी ती यादी आहे. मराठींत ग्राहक प्रथम ज्या लेखांतून दिसतो त्यांपैकीं हा एक, आणि त्यांत तो दिसतो तो पैसे देणारा म्हणून. पुढें याहून महत्त्वाचें वाक्य आहे. येथें जें मापावयाचें तें मठाच्याच मापानें मापावें, आणि मापणावळ म्हणजे ‘मापाउ’ अर्धी मठानें व अर्धी ‘मापहारी’ यानें घ्यावी. माप मठाचें व मापणावळही मठाची! मठाचें माप कोणीं पडताळावें याविषयीं लेखांत शब्द नाहीं. ज्या भास्कराचार्यांनीं लीलावतीच्या आरंभींच नाणीं, वजनें व धान्याचीं मापें यांचीं कोष्टकें दिलीं, त्यांच्याच नांवानें उभारलेल्या विद्यालयाचा कांहीं निर्वाह मापणावळीवर व्हावा, हा योग मोठा गमतीचा आहे.

माप पडताळण्याचा विचार आपल्या शास्त्रांत नव्हता असें मात्र नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत राजानें तराजू व मापें खुणा करून ठेवावीं आणि दर सहा महिन्यांनीं पुनः तपासावीं, अशी आज्ञा आहे. इ. स. १९०९ मध्यें म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत तर पौतवाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारीच सांगितला आहे. त्यानें दर चार महिन्यांनीं मापांवर छाप मारावा, बिनछापाचें माप आढळल्यास सव्वासत्तावीस पण दंड घ्यावा, आणि व्यापाऱ्यांनीं त्यास रोज एक काकणी द्यावी, असा नियम आहे. परंतु त्याच प्रकरणांत कौटिल्य चार प्रकारचे द्रोण देतो. राजाच्या उत्पन्नाचा द्रोण २०० पलांचा, बाजारच्या व्यवहाराचा १८७॥ पलांचा, चाकरांस देण्याचा १७५ पलांचा आणि अंतःपुरास देण्याचा १६२॥ पलांचा. सरकारांत धान्य भरतांना द्रोण मोठा, आणि सरकारांतून चाकरांस मिळतांना तोच लहान. यास कौटिल्य लपवाछपवी मानीत नाहीं, उघड कोष्टक म्हणून लिहितो. छाप मारणारा व मोठें माप ठेवणारा हे दोघे एकच होते.

खेड्यांतील सावकारीविरुद्ध जें गाऱ्हाणें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें तेंही याच जातीचें आहे. पेरणीच्या वेळीं सवाईनें किंवा दिढीनें धान्य न्यावें, सुगीनंतर फेडावें. देतांना माप काठाबरोबर सपाट केलेलें, घेतांना शिगेचें. म्हणजे सवाई कागदावर, आणि शीग वर. शिगेचें वैशिष्ट्य असें कीं ती कोष्टकांत बसत नाहीं. ज्वारीची शीग वेगळी, तुरीची वेगळी, आणि मापणाऱ्याच्या हाताप्रमाणें पुनः वेगळी. तथापि ती डोळ्यांस दिसते. धान्य मोजतांना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणण्याचा जो प्रघात आहे त्याकडे आपण शुभशब्द म्हणून पाहतों. पण मोठ्यानें म्हटलेला प्रत्येक आंकडा समोरच्यास मोजतां येतो, हाही त्याचा उपयोग होताच. फसवणूक होई ती समोर होई आणि तिच्यावर भांडतां येई.

वजनाच्या बाबतींत ग्राहकाच्या हातीं याहून चांगलें साधन होतें, तें म्हणजे त्याच्या कनवटीचा रुपया. इंग्रजी अमलांत इ. स. १८३३ च्या नियमानें तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि कलदार चांदीचा रुपयाही तितक्याच वजनाचा होता. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ८० कलदार रुपये. दुकानदाराच्या वजनाचा संशय आला तर पारड्यांत रुपये टाकून पाहावे. सगळे ८० जवळ नसले तरी पावशेरास २० पुरत. मराठवाड्यांत मात्र यांत एक मेख होती. निजामाचा हाली रुपया १७२॥ ग्रेनचा होता. हालीनें तोलून पाहणाऱ्यास ८० रुपयांत ७६ तोळे व वर तोळ्याचे दोन तृतीयांश एवढेंच वजन मिळे. म्हणजे शेरामागें सव्वातीन तोळ्यांच्या आसपास तूट, आणि दुकानदार बिनचूक ठरे! किंमतींतही हालीचा व कलदाराचा मेळ नव्हता. सात हाली म्हणजे सुमारें सहा कलदार, या हिशेबानें एक हाली तेरा आणे व आठ-नऊ पैंच्या जवळपास पडे. परभणीकडून पंढरपुरास किंवा नाशकास जाणाऱ्यास राज्याची हद्द ओलांडावी लागे व तेथें कलदार लागे. तेव्हां यात्रेकरूस सप्तमांशाचें गणित शाळेंत न जातांही येत असे. अशा लोकांस अडाणी म्हणणाऱ्यांनीं हें गणित एकदां तोंडीं करून पाहावें.

आतां १९५७ ते १९६२ हीं वर्षें घेऊं. १ एप्रिल १९५७ रोजीं नवा पैसा आला. रुपयाचे ६४ पैसे होते त्यांचे १०० नवे पैसे झाले. अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडावा व अधिक असेल तर पूर्ण धरावा, असा नियम होता. हा नियम दिसण्यांत निःपक्षपाती आहे. परंतु त्याचें फळ पाहावें. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, त्याचे द्यावयाचे ६. दोन आण्यांचे साडेबारा, त्याचे १२. येथें देणाऱ्याचा लाभ आहे. उलट एका जुन्या पैशाचे दीडाहून किंचित् अधिक, म्हणून द्यावयाचे २. रुपयाचा माल आण्याआण्यानें सोळा वेळां नेला तर ९६ नवे पैसे पडत. तोच पैशापैशानें चौसष्ट वेळां नेला तर १२८ पडत. मोड परत घेणाऱ्यास याच नियमाचा उलट फायदा होई हें खरें, पण रोजचें मीठमिरची एका पैशाचें आणणारा मनुष्य मोड देणारा नसतो, घेणाराही क्वचित् असतो. त्याची कुरकूर ही अज्ञानाची कुरकूर नव्हती. ती सव्वा पटीहून अधिक झालेल्या किंमतीची होती.

पाठोपाठ किलो आला. वास्तविक किलोची कल्पना त्या वेळीं नवी नव्हती, इ. स. १८७१ च्या कायद्यानें शेर हा किलोइतकाच धरावा असें ठरलें होतें, पण तो कायदा अमलांत आला नाहीं. इ. स. १९५६ च्या कायद्यान्वयें १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें दशमान वजनें आलीं व १ एप्रिल १९६२ पासून व्यापारांत तींच राहिलीं. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, आणि किलो म्हणजे पावणेशहाऐंशी तोळे. शेराचा भाव किलोस लावतांना कोणाचा फायदा होतो हें ज्यास त्यास कळत होतें. पण मोठा फरक निराळाच झाला. चांदीचा रुपया अगोदरच व्यवहारांतून गेला होता, नवीं नाणीं तोळ्याचीं नव्हतीं, म्हणून ग्राहकाच्या खिशांत त्याचें स्वतःचें वजन उरलें नाहीं. आतां त्यास लोखंडी वजनावरील सरकारी छापावर विश्वास ठेवणें प्राप्त झालें. एकाच देशांत एकच किलो असावा हें आम्हांस सर्वथा इष्ट वाटतें. गांवोगांवची निराळी पायली पुनः यावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पडताळण्याची शक्ति ग्राहकाकडून निघून छाप मारणाऱ्याकडे गेली, ही घटना इतिहासांत नोंदण्याजोगी आहे. आज इ. स. २००९ च्या वैधमापन कायद्याखालील नियमांप्रमाणें साध्या वजनांची व तराजूची फेरतपासणी २४ महिन्यांनीं आणि विजेच्या काट्याची १२ महिन्यांनीं व्हावयाची असते. कौटिल्याची मुदत चार महिन्यांची होती.

धान्यबाजारांत तर पाटणचा मापहारी नांवासकट जिवंत आहे. वऱ्हाडांत कारंजा येथें इ. स. १८८६ मध्यें नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्यें त्या प्रांतासाठीं कायदा झाला, आणि हैदराबाद संस्थानानें शेतमालाच्या बाजारांचा कायदा १९३० मध्यें केला. रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरविण्याच्या पद्धतीस आळा घालणें व खरें वजन मिळवून देणें हे या कायद्यांचे हेतु होते, व त्यांनीं शेतकऱ्याचें पुष्कळ भलें केलें. त्यांतूनच परवानाधारक मापाडी व तोलार निर्माण झाले. काटा विजेचा झाल्यावर तोलाई कशाची, हा प्रश्न आतां निघतो. एप्रिल २०२४ मध्यें नाशिक जिल्ह्यांत हमाली-तोलाईच्या कपातीवरून कांद्याचे लिलाव बंद पडले होते. अर्धा मापाउ मठाचा व अर्धा मापहारीचा, ही वांटणी ठरून आठशें वर्षें झालीं. तोलाईवरील भांडण अजून चालूच आहे.

विजेच्या मीटरापाशीं हा प्रश्न सर्वांत कठीण होतो, कारण येथें मोजली जाणारी वस्तूच दिसत नाहीं. शीगही नाहीं आणि ‘लाभ’ म्हणून मोजणाराही नाहीं. इ. स. २००३ च्या वीज कायद्याचें ५५ वें कलम अचूक मीटराशिवाय वीज देऊं नये असें सांगतें. तरीही आपल्याकडील कितीएक शेतीपंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत आली व वापर अंदाजानें धरला गेला. घरांत मीटर आहे तर तो पळतो ही तक्रार, शेतांत मीटर नाहीं तर आंकडा फुगविला ही तक्रार. इ. स. १९९९ पासून राज्यांत वीज नियामक आयोग आहे, व दर ठरविण्यापूर्वीं तो लोकांच्या हरकती मागवितो; ग्राहकाचें म्हणणें कागदावर येण्याची ही सोय पाटणच्या ग्राहकास नव्हती, व तिचें महत्त्व आम्ही कमी मानीत नाहीं. तथापि आगाऊ पैसे भरावयाच्या नव्या मीटरांविरुद्ध लोकमत इतकें उठलें कीं, जून २०२४ मध्यें सामान्य ग्राहकांकडे ते बसविले जाणार नाहींत असें सरकारला जाहीर करावें लागलें. त्या वेळीं जे आक्षेप निघाले त्यांत मीटर दुरून चालविला जातो, मग तो कोणाच्या हातांत, हाही एक आक्षेप होता. मठाच्या मापाविषयीं पाटणकरांस पडला असेल तो प्रश्न याहून फारसा निराळा नसावा.

कलदार रुपयाची जागा घेईल असें एक साधन मात्र अजून ग्राहकाजवळ आहे. घरांतील सर्व दिवे व यंत्रें बंद करून एक हजार वॅटची शेगडी तासभर लावावी. मीटर एका युनिटानें पुढें सरकला पाहिजे. आमच्याकडे विजेचा दाब कमी असतो हें ध्यानांत घ्यावें. दाब २३० ऐवजीं २०० व्होल्ट असेल तर शेगडी सुमारें पाऊण युनिटच घेईल, आणि मीटरनें पूर्ण युनिट दाखविल्यास तो खरोखरच पळतो असें समजून तपासणीचा अर्ज करावा.

शेवटीं वाचकांस एक विनंती आहे. पायल्या, शेर, मापटीं व चिपटीं आतां अडगळींतून मोडीकडे जात आहेत. ज्यांच्या घरीं अशीं मापें असतील त्यांनीं तीं मोडींत घालण्यापूर्वीं काठावरील किंवा बुडावरील छापाचा ठसा कागदावर उतरून घ्यावा, मापांत काठोकाठ पाणी भरून त्या पाण्याचें वजन ग्रॅममध्यें लिहावें, गांव व तालुका नमूद करावा, आणि तें माप धान्य देण्याचें होतें कीं घेण्याचें, हें घरांतील वृद्ध माणसांस विचारून त्याची नोंदही सोबत करावी.