पुण्यांतील घरजागांचा नफा व जुनीं खरेदीखतें

राजकारणाचीं पत्रें व सनदा यांस संशोधकांच्या दप्तरांत मानाचें स्थान मिळतें. घरजागांच्या खरेदीखतांस तें मिळत नाहीं. त्यांत लढाई नाहीं, तह नाहीं; चतुःसीमा, मोल व साक्षी एवढेंच काय तें असतें. परंतु पुण्याच्या जमिनीस मोल कसें आलें व तें कोणाच्या पदरीं पडलें, हें जाणण्यास याहून चांगलें साधन नाहीं, असें आमचें मत आहे.

थोरल्या बाजीरावांनीं १० जानेवारी १७३० रोजीं शनिवारवाड्याचा पाया घातला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति केली. वाड्यास १६,११० रुपये खर्च आला. वाड्यामागून सरदार, कारकून व सावकार आले. कसब्याच्या पश्चिमेकडील बागाईत घरांखालीं गेली. जिवाजीपंत खासगीवाले यांनीं शुक्रवार पेठ वसविली व सेवेबद्दल तेथेंच त्यांस करमुक्त जागा मिळाली. पुढें नानासाहेबांचे कारकीर्दींत कात्रजचें पाणी शहरांतील हौदांत खेळूं लागलें.

या व्यवहाराचें वर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकार कौल देई, कांहीं वर्षें कर माफ करी, आणि शेटे-महाजन उदमी लोकांस बोलावून आणीत. त्यांचा लाभ जागा घेऊन भाव चढेपर्यंत स्वस्थ बसण्यांत नव्हता. भरलेल्या पेठेच्या हक्कांत होता. आधीं माणसें व पाणी, मग मोल, हा तो क्रम.

१९०९ सालीं छापून प्रसिद्ध झालेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तुविक्रयाचा विचार आहे. आप्त, शेजारी व धनको यांस अनुक्रमें खरेदीचा पहिला हक्क. विक्रीचा त्रिवार पुकारा. आणि चढाओढीनें किंमत वाढल्यास ती वाढ शुल्कासह राजकोशांत, असा तेथील नियम आहे. चढाओढीची वाढ ही विकणाऱ्याची कमाई नव्हे, हें त्या ग्रंथकारानें ओळखलें होतें. हा नियम पुण्यांत चालला असें आम्ही म्हणत नाहीं; तथापि पेशवाईंत घरांच्या व जागांच्या विक्रीवर कोतवालाची देखरेख असे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

राजाश्रयानें चढलेलें मोल राजाश्रयाबरोबर उतरतें. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरांचा जय झाला व शहर नागवलें गेलें. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. दरबार मोडला, त्यावर पोसलेलीं कुटुंबें पांगलीं. १८५८ सालीं आगगाडी पुण्यास पोंचली, तेव्हां पुनः नवें कारण मिळालें.

आज त्याच पेठांतील वाडे पाडून उंच इमारती उठत आहेत, व नफ्याचा हिशेब चौरस फुटांवर होतो. खरेदीदारांच्या रक्षणार्थ २०१६ चा कायदाहि झाला आहे. परंतु मालकीची खात्री करून घेतांना वकील बहुधा मागील तीस वर्षांचे कागद पाहतो. त्यापलीकडचे मोडी कागद कोणासच नको असतात. अशाच एका पाडकामाचे वेळीं आम्ही पोंचलों तों एक रुमाल हातीं लागला. दुसरा आदल्याच दिवशीं रद्दींत वजनावर गेला होता.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. रुमाल फोडून सुंदर शिक्क्यांचे तेवढे कागद निवडून घेऊं नयेत. तो कोणत्या वाड्यांतून आला तें आधीं टिपावें. मग चतुःसीमा, मोल, तें अंकुशी रुपयांत कीं चांदवडी, आणि साक्षी यांची नोंद करावी. एकाच घराचीं तीन-चार खतें क्रमानें लागलीं, म्हणजे मोल केव्हां चढलें व केव्हां पडलें तें आपोआप दिसूं लागतें. वाडा विकून जो नफा होतो तो वारसांचा असो. त्याचा इतिहास मात्र रद्दीच्या भावानें जाऊं नये.