'पोलीस ॲक्शन' : एका शब्दाचा परराष्ट्रीय इतिहास

घनसावंगी, अंबड, परतूर या गोदाकाठच्या पट्ट्यात जुन्या पिढीच्या बोलण्यात काळाच्या दोन खुणा असत. एक 'रझाकारीत' आणि दुसरी 'पोलीस ॲक्शननंतर'. कुणाचा जन्म, कुणाचे लग्न, कुणी गाव सोडले, हे सारे या दोन खुणांच्या अलीकडे किंवा पलीकडे सांगितले जाई. पहिल्या शब्दाची घडण उलगडणे अवघड नाही. अरबी 'रझा' आणि फारसी 'कार' मिळून स्वयंसेवक या अर्थाचा शब्द झाला, आणि लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या संघटनेने त्याला दहशतीचा अर्थ दिला. दुसऱ्या शब्दाकडे मात्र आम्हां भाषेच्या अध्यापकांचेही फारसे लक्ष जात नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या तोंडी हा इंग्रजी जोडशब्द आला कसा? आणि रणगाडे, तोफा व विमाने घेऊन आलेल्या सैन्याच्या मोहिमेला 'पोलीस' हे विशेषण का लागले? सैन्याच्या दप्तरात तर तिचे नाव 'ऑपरेशन पोलो' असे होते.

या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्यात सापडत नाही, त्यासाठी जावा बेटापर्यंत जावे लागते. 21 जुलै 1947 रोजी डच सैन्याने इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर चाल केली आणि डच सरकारने त्या चालीला 'पोलिसी कारवाई' हेच नाव दिले. नावामागचा युक्तिवाद सरळ होता. युद्ध दोन राज्यांत होते. पोलीस आपल्याच घरात बंदोबस्त करतात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या परिच्छेदानुसार राज्याच्या अंतर्गत कारभारात संघटनेला हस्तक्षेप करता येत नाही. 'पोलीस' म्हटले की प्रकरण अंतर्गत ठरते. हा युक्तिवाद अमान्य करून इंडोनेशियाचा प्रश्न 30 जुलै 1947 रोजी सुरक्षा परिषदेपुढे नेणारे दोन देश होते ऑस्ट्रेलिया आणि भारत. भारताच्या स्वातंत्र्याला तेव्हा अजून दोन आठवडे अवकाश होता.

पुढच्याच वर्षी सप्टेंबरात भारताला तोच शब्द स्वतःसाठी वापरावा लागला. का, हे समजण्यासाठी निजामाच्या राज्याचे स्थान पाहिले पाहिजे. हैदराबाद हे सुमारे 82 हजार चौरस मैलांचे संस्थान. 1941 च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या 1 कोटी 63 लाखांच्या घरात होती. स्वतःचे नाणे, टपाल आणि रेल्वे, शिवाय कारभाराची उर्दू भाषा, असा सारा थाट स्वतंत्र राज्याचा होता. परंतु 1800 च्या तहाने निजामाने कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी न करण्याचे मान्य केले होते. त्या काळाची साक्ष याच जिल्ह्यात आहे. 1803 साली वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवले ते असई गाव आज जालना जिल्ह्यातच मोडते. निजाम तेव्हा वेलस्लीच्या बाजूला होता.

1947 च्या स्वातंत्र्य कायद्याने ब्रिटिशांची सार्वभौमता संपुष्टात आली. निजामाचे म्हणणे असे, की वरची सत्ता गेल्यावर तिने घेतलेले अधिकार आपल्याकडे परत आले. भारताचे म्हणणे असे, की दीडशे वर्षे जे नव्हतेच ते परत कसे येणार? आमच्या मते निजामाचा कायदेशीर युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, आणि आपल्याकडील लेखनात तो जितक्या झटपट निकालात काढला जातो तितका सोपाही नव्हता. 29 नोव्हेंबर 1947 च्या 'जैसे थे' करारात वादाचे प्रसंग लवादाकडे सोपवण्याची तरतूद होती आणि हैदराबादने पुढे तिच्यावर बोट ठेवले. मात्र त्याच कराराने परराष्ट्र संबंध पूर्वीप्रमाणेच चालायचे होते, म्हणजे ते निजामाच्या हाती येणार नव्हते.

तरीही 21 ऑगस्ट 1948 रोजी हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तारेने तक्रार पाठवली. तिचा आधार होता सनदेचे 35 वे कलम. त्याच कलमाखाली भारताने वर्षारंभी काश्मीरबाबत पाकिस्तानविरुद्ध तक्रार नोंदवली होती. म्हणजे एकाच वर्षात भारत त्या दाराशी एकदा फिर्यादी म्हणून उभा राहिला आणि एकदा, हे दारच या खटल्याचे नव्हे, असे सांगत.

13 सप्टेंबरला पहाटे सैन्य संस्थानात शिरले. मुख्य तुकडी मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून आली. औरंगाबाद-जालन्याकडे दुसरी तुकडी निघाली. दोन दिवसांत ही दोन्ही शहरे हाती आली. 16 तारखेला पॅरिसमध्ये परिषद भरली तेव्हा अंबड तालुक्याच्या परिसरातला प्रश्न व्यवहारात सुटत आला होता. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे कॅडोगन होते. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा की नाही यावर मतदान झाले: आठ मते अनुकूल, विरोधी एकही नाही; सोव्हिएत संघ, युक्रेन आणि चीन तटस्थ. हैदराबादतर्फे मोईन नवाझ जंग बोलले. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार यांनी, हैदराबाद हे राज्यच नसल्याने त्याला तक्रारीचा अधिकार नाही, असा मुद्दा मांडला. दुसऱ्या दिवशी निजामाच्या फौजेने युद्ध थांबवले. 22 सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेतल्याची तार केली. तरी 'हैदराबाद प्रश्न' पत्रिकेवरून निघाला नाही. मे 1949 मध्ये त्यावर पुन्हा चर्चा झाली आणि पुढे अनेक दशके परिषदेच्या यादीत तो तसाच पडून राहिला.

या सभेच्या वृत्तान्तातील एक गैरहजेरी आम्हांला सतत जाणवते. फिर्यादी निजाम, प्रतिवादी भारत सरकार. ज्यांच्या मालकीचा वाद चालला होता त्या लोकांच्या वतीने कुणी नाही. स्टेट काँग्रेसवर 1938 मध्ये स्थापनेबरोबरच बंदी आलेली. ऑगस्ट 1947 पासूनच्या सत्याग्रहात स्वामी रामानंद तीर्थ आणि हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेलेले. डचांच्या शब्दाशी भारताच्या शब्दाचे साम्य असले, तरी दोन परिस्थितींत फरक होता तो याच माणसांमुळे. जावातील लोक येणाऱ्या सैन्याविरुद्ध लढत होते. येथील बहुसंख्य लोक त्याची वाट पाहत होते. भारताची खरी बाजू ही होती. पण 'पोलीस' या शब्दात ती मावत नाही; त्यात बंदोबस्त आहे, लोक नाहीत. पुढे 'मराठवाडा मुक्तिसंग्राम' हे नाव रूढ झाले ते म्हणूनच. अनंत भालेरावांनी आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम' म्हटले, तेही याच दिशेने. हैदराबादच्या उर्दू लेखनात मात्र त्याच घटनेला 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचे पतन, म्हणतात. एकाच सप्टेंबरला इतकी नावे आहेत आणि प्रत्येक नाव घेणाऱ्याच्या उंबऱ्यावरूनच दिसते.

डचांनी 19 डिसेंबर 1948 ला इंडोनेशियात दुसरी 'पोलिसी कारवाई' केली. तिचा निषेध करण्यासाठी नेहरूंनी जानेवारी 1949 मध्ये दिल्लीत अनेक राष्ट्रांची परिषद बोलावली. हैदराबादच्या कारवाईला तेव्हा चार महिनेच झाले होते. पॅरिसमधील चर्चेला भारताने 'अंतर्गत' म्हणून हरकत घेतली, हे त्या परिषदेतील पाहुण्यांच्या ध्यानात नसेल असे आम्हांला वाटत नाही.

'अंतर्गत' या शब्दाचा दुसरा परिणाम देशातच झाला. रझाकारांच्या अत्याचारांच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्या आहेत. सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांवर जे सूडाचे हल्ले झाले, ते या कथांत क्वचितच येतात. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवले. वर्षाअखेरीस त्यांनी संस्थानभर प्रवास केला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद आणि नांदेड ही मराठवाड्यातील दोन नावे गुलबर्गा व बीदरच्या जोडीने घेतली. संपूर्ण संस्थानातील मृतांचा त्यांचा सावध अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. हा अहवाल सरकारने छापला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहता येऊ लागला तेव्हा 2013 साल उजाडले होते.