वेरावळचा किनारा आणि एक चित्रफीत

२८ मे २००१ रोजी केंद्र सरकारने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्कचे नाव घातले. वाघ, सिंह आणि गेंडा यांच्या पंगतीत एखाद्या माशाला पान मांडले जाण्याची भारतातील ही पहिलीच वेळ होती. तोवर मासा हा आपल्याकडे ‘वन्यजीव’ नव्हताच. तो टनांत मोजायचा माल होता. ही समजूत बदलण्यात मोठा वाटा होता तो माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाचा. निसर्गपटांच्या जगात ज्याला ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणतात, तो ‘वाइल्डस्क्रीन’ महोत्सवाचा पांडा पुरस्कार त्याला २००० साली मिळाला.

नावात ‘व्हेल’ असले तरी हा देवमासा नव्हे. हा कल्ल्यांनी श्वास घेणारा, मुशीच्या कुळातला मासा असून पृथ्वीवरील सर्वांत मोठा मासा आहे. तो १८ मीटरपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत. एवढ्या अजस्र देहाचे पोषण मात्र प्लवक, माशांची अंडी आणि बारीक मासळी यांवर होते. जननक्षम व्हायला त्याला सुमारे पंचवीस वर्षे लागतात. त्यामुळे एका पिढीची कत्तल भरून निघण्यास मानवी आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडतो.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, विशेषतः वेरावळच्या परिसरात, या माशाला ‘बॅरल’ म्हणत. या नावातच शिकारीची रीत दडलेली होती. माशाच्या अंगात मोठा गळ रुतवायचा, दोरीला रिकामी पिंपे बांधायची आणि त्या तरंगत्या ओझ्याशी झुंजून तो थकला की ओढत किनाऱ्याला आणायचा. पूर्वी त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावण्यासाठी वापरत. पाणी मुरू नये म्हणून. नव्वदच्या दशकात परदेशी बाजारपेठेने मांसाला भाव दिला आणि शिकारीचे रूपांतर धंद्यात झाले.

हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या प्रकाशनांत व्हेल शार्क किनाऱ्याला आणल्याच्या नोंदी अनेक वर्षे छापल्या जात होत्या. २००० साली ‘करंट सायन्स’मध्ये भारतीय किनाऱ्यावरील व्हेल शार्कच्या संरक्षणाची गरज मांडणारा लेखही आला. आकडे होते, लांबी-रुंदीची मापे होती, तारखा होत्या. नव्हते ते केवळ दृश्य.

ते दृश्य मिळवणे भौतिकीच्या दृष्टीनेही सोपे नव्हते. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. पाच-दहा मीटर खोलीवर तांबडा रंग जवळजवळ उरत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने सपाट काचेतून वस्तू प्रत्यक्षाहून जवळ दिसतात आणि दृष्टिक्षेत्र आकसते. म्हणून कॅमेऱ्यापुढे घुमटाकार काच लावतात. या दोन्ही अडचणींवर उपाय आहेत. तिसरीवर जवळपास नाही. पाण्यात तरंगणारे कण प्रकाश विखुरतात आणि दिवा जितका प्रखर, तितका पांढुरका पडदा दाट होतो. धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावल्यासारखा. आता व्हेल शार्क येतो कुठे? जिथे प्लवक दाट असते तिथे, म्हणजे नेमक्या गढूळ पाण्यात. त्याचे अन्न हेच छायाचित्रकाराचे धुके.

समुद्राखालच्या चित्रणाचा आरंभीचा इतिहास स्वच्छ पाण्याचा आहे, तो यामुळेच. जॉन अर्नेस्ट विल्यमसन यांनी १९१४ साली बहामाच्या नितळ पाण्यात निरीक्षणकक्ष उतरवून चलचित्रे घेतली. १९२६ साली पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्र घेण्यासाठी लाँगली आणि मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली. पुढे १९५६ साली झाक-ईव्ह कूस्तो यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ने कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक जिंकले. त्या विख्यात चित्रपटात प्रवाळाजवळ सुरुंग उडवून मासे मारले जातात आणि संतापलेले खलाशी शार्कना डेकवर ओढून कुऱ्हाडी-हुकांनी ठार करतात. प्रेक्षकांनी तेव्हा हे साहस म्हणून पाहिले. शार्क हा खलनायक आहे, हे गृहीतच होते.

पांडे यांच्या चित्रपटाने ही बाजू उलटी केली. लोकांच्या स्मरणात राहिले ते पाण्याखालचे सौंदर्य नव्हे, तर वाळूवर ओढून आणलेला आणि कापला जाणारा प्रचंड मासा. निसर्गपटाच्या रूढ संकेतानुसार माणूस चौकटीबाहेर ठेवतात. इथे कॅमेरा किनाऱ्याकडे, माणसाच्या हाताकडे वळला. चित्रपटाचे खरे बळ याच निवडीत आहे.

२००२ च्या नोव्हेंबरात भारत आणि फिलिपिन्स यांनी मांडलेल्या प्रस्तावानुसार व्हेल शार्क ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. तरीही सगळे श्रेय एका चित्रपटाला देणे भाबडेपणाचे ठरेल. कायद्याने शिकार गुन्हा ठरली, पण जाळ्यात चुकून अडकलेल्या माशाचे काय? जाळे कापले तर नुकसान मच्छीमाराचे. २००४ पासून गुजरात वनविभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम चालवली. मोरारी बापूंनी माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव दिले आणि माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या लेकीची उपमा किनाऱ्यावर रुजली. १९९५ साली तैवानजवळ मारलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे भ्रूण सापडले होते, हे लक्षात घेता उपमा अगदीच हवेतली नव्हती. कापलेल्या जाळ्याची भरपाईही सुरू झाली. आजवर नऊशेच्या वर मासे सोडले गेले आहेत.

दरम्यान कॅमेऱ्याला आणखी एक काम मिळाले. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते. २००५ साली संशोधकांनी ती ओळखण्यासाठी खगोलशास्त्रातील एक गणनपद्धती वापरली. ताऱ्यांच्या त्रिकोणांची तुलना करून आकाशाची दोन छायाचित्रे जुळवण्याची ही रीत एडवर्ड ग्रोथ यांनी १९८६ साली मांडली होती. ठिपक्यांचे त्रिकोण जुळले की मासा तोच. त्यामुळे हौशी पाणबुड्याने टिपलेले चित्रही विदा ठरू लागले.

गुजरातेत कॅमेरा पुढे मच्छीमारांच्याच हाती आला. आधी भरपाईसाठी वनाधिकारी होडीने येईपर्यंत थांबावे लागे आणि तेवढा वेळ मासा जाळ्यात तडफडत राही. मग नावांवर जलरोधक कॅमेरे दिले गेले. मच्छीमाराने जाळे कापायचे, सुटकेची छायाचित्रे घ्यायची आणि किनाऱ्यावर आल्यावर ती वनविभागाला दाखवायची. चित्रात प्रकाशयोजना कशी आहे, हे कोणी पाहत नाही. मासा दिसला, कापलेले जाळे दिसले, की दावा मंजुरीसाठी पुढे जातो.